भाऊंचा अंगठा आणि अकराची गोळी

बत्तीस वर्षं मी आवक-जावकच्या टेबलावर बसलो. हजारो पत्रं रजिस्टरला चढवली. त्यांतल्या एकाही पत्राबद्दल आज कोणी विचारत नाही. पण सिंदी मेघेला आमच्या घरासमोरच्या बाकावर चार रिटायर माणसं जमली, की कोणीतरी हमखास म्हणतो, "ते आंगठ्याचं सांगा ना जी!" आणि अंगठ्याचं एक सांगायला घ्यावं, तर मागे दुसरं उभंच असतं, रॉकेलच्या रांगेसारखं. रांग हलते, पण कमी होत नाही!

आमची कचेरी आर्वीला होती. खातं कोणतं ते सांगत नाही. त्या खात्यात अजून माणसं काम करतात, निदान पगार तरी घेतात. काळ आणीबाणीच्या आगेमागेचा. दर हिवाळ्यात वर्ध्याला जिल्ह्यातल्या कचेऱ्यांचे सामने व्हायचे, आणि रस्सीखेचीची ढाल दरवर्षी पुलगावची कचेरी उचलून न्यायची. आमच्या साहेबांनी त्या ढालीसाठी आपल्या केबिनमधलं कपाटावरचं एक ठिकाण रिकामं ठेवलं होतं. तिथे दुसरं काही ठेवलं की मेमो मिळायचा!

अशात नामदेवराव ढोले हेडक्लार्क म्हणून बदलून आले. रोहण्याच्या शेतकरी घरातला माणूस. उंची बेताची, वजन मात्र क्विंटलच्या वर. सगळे त्यांना भाऊ म्हणत. हजर व्हायला आले तेव्हा साहेबांनी त्यांचं सर्व्हिस बुक उघडलंच नाही. टेबलावरून वाकून आधी त्यांचे पाय पाहिले.

"ढोले, कधी रस्सी ओढली आहे?"

"नाई जी. बैल ओढला हाय. आडून बसलेला."

साहेब चक्क उठून उभे राहिले आणि त्यांनी हेडक्लार्कशी हात मिळवला!

रस्सीखेचीत एका बाजूला आठ माणसं. शेवटच्याच्या कमरेला दोर गुंडाळलेला असतो. तो जागी रुतला की टीम रुतली. सरावाच्या दिवशी भाऊंना शेवटी उभं केलं आणि दोराचं दुसरं टोक कचेरीच्या जीपला बांधलं. ड्रायव्हरने गिअर टाकला, इंजिन ओरडलं, धूर निघाला, जीप जागची हलेना. शेवटी ड्रायव्हर खाली उतरून चाकं पाहायला लागला. हँडब्रेक लागलेला असावा, अशी त्याची समजूत!

*

सामन्याच्या दिवशी सकाळी भाऊ उठले ते बोंबलतच. उजव्या पायाचा अंगठा टमाटरसारखा लाल, टरारून सुजलेला. चादरीचं टोक लागलं तरी माणूस घर डोक्यावर घेत होता. वहिनींना वाटलं, विंचू चावला. साहेबांना वाटलं, पुलगाववाल्यांनी सोडला. आमचा शिपाई गणपत धावत जाऊन विंचू उतरवणाऱ्याला घेऊन आला.

त्या बाबाने उदबत्ती लावली, काहीतरी पुटपुटला आणि फुंकर मारायला अंगठ्याजवळ वाकला.

"ए! फुंकू नको! वारा लागते!" भाऊ किंचाळले.

"फुंकल्याबिगर इंचू उतरत नाई, भाऊ."

"मंग राहू दे त्याले वरतच!"

आमची सातच माणसं वर्ध्याला गेली. नियमात कमी माणसांनी खेळायला हरकत नव्हती, हरायलाही नव्हती. पुलगावच्या टीममध्ये शेवटी उभे होते शंकरराव, नाचणगावचे, अंगाने भाऊंच्या तोडीस तोड. त्यांनी एका हाताने दोर धरला आणि दुसऱ्या हाताने खिशातली चुन्याची डबी शोधली, असं गणपत आजही शपथेवर सांगतो. मी ते पाहिलं नाही. मी आमच्या पडलेल्या माणसांच्या चपला गोळा करत होतो. टीममध्ये माझं कामच ते होतं.

*

आर्वीच्या बसस्टँडजवळ डॉक्टर वासनिकांचा दवाखाना होता. नागपूरहून शिकून आलेले, तरुण, कमी बोलणारे. त्यांनी अंगठा दुरूनच पाहिला. हात लावला नाही, म्हणून भाऊंचा त्यांच्यावर तिथल्या तिथे विश्वास बसला.

"विंचू नाही. गाऊट आहे. रक्तात युरिक ॲसिड वाढलं, की त्याचे बारीक खडे सांध्यात जमतात. पूर्वी याला राजांचा रोग म्हणायचे."

भाऊ कण्हतच म्हणाले, "पगार क्लार्कचा, अन् रोग राजाचा! याले भत्ता भेटते का जी?"

डॉक्टरांनी कोल्चिसीनच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या काळी ती द्यायची पद्धत भयंकर होती. ठरावीक वेळाने एकेक गोळी घेत राहायची, आणि दोनपैकी एक गोष्ट झाली की थांबायचं : एक तर दुखणं थांबेल, नाहीतर पोट चालू होईल. आता डॉक्टर तसं करत नाहीत, अगदी मोजून देतात; ते औषध जास्त झालं तर जिवावर बेततं. पण तेव्हाचं शास्त्र तेव्हाचं! भाऊंच्या बाबतीत दोन्ही गोष्टी झाल्या, फक्त क्रम उलटा. आधी पोट चालू झालं. भाऊंचा संडास होता परसाच्या पार टोकाला, चाळीस पावलांवर.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "कसं काय?"

"कसं काय म्हंता डॉक्टरसाहेब? पोट चालते, तवा पाय चालत नाई! पाय चालाले लागला, तं पोट थांबलं! दोघायची एकदा मीटिंग घ्या!"

त्या गोळीचं नाव आमच्या कचेरीत कायमचं "धावती गोळी" पडलं.

*

डॉक्टरांनी पथ्य सांगितलं. दारू बंद, कलेजी बंद, सुकट बंद, मटण बेताचं, पाणी भरपूर. आता हे पथ्य भाऊंचं एकट्याचं राहिलं नव्हतं. ढाल सरकारी, सबब अंगठाही सरकारी, असं साहेबांचं मत होतं! रोहण्याला भाऊंच्या चुलतभावाकडे मटणाचं जेवण होतं, तिथे साहेबांनी गणपतला मुद्दाम सोबत पाठवलं. लक्ष ठेवायला.

सोमवारी साहेबांनी गणपतला केबिनमध्ये बोलावलं. "काय, ढोलेंनी कलेजी खाल्ली?"

"नाई साहेब! आंगाले लागू देल्ली नाई. त्यायच्या ताटात पडली का मी उचलू. वाढपी पुन्ना वाढे, मी पुन्ना उचलू!"

"शाब्बास! मग तू असा वाकडा का चालतो आहेस?"

"साहेब, पोट बिघडलं. सरकारी कामात बिघडलं हाय. रजा किरकोळ धरू का विशेष?"

यावर वहिनींचं म्हणणं वेगळंच होतं. एकदा त्या डबा घेऊन कचेरीत आल्या, तर चार क्लार्क डब्यात डोकावून पाहत होते. त्या म्हणाल्या, "माह्या बापानं मले माणूस पाहून देल्लं जी. तुमी सारे त्यायचा आंगठाच पाहून राह्यले!"

*

सूज पूर्ण उतरल्यावर डॉक्टरांनी दुसरी गोळी सुरू केली : ॲलोप्युरिनॉल. ही दुखणं थांबवणारी नव्हे. युरिक ॲसिड कमी ठेवून पुढचं दुखणं टाळणारी. रोज एक, दुखो न दुखो, वर्षानुवर्षं.

"दुखत नाई, तं गोळी काऊन खाची?" भाऊंचा सवाल.

"तुम्ही कचेरीत हजेरी कधी लावता? काम असतं तेव्हाच?"

"नाई. रोज."

"तशीच ही गोळी."

अशी ती "हजेरीची गोळी" झाली. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, की सुरुवातीला एखादवेळा दुखणं उलट उसळेल, म्हणून सोबत काही महिने धावती गोळीही थोडीशी चालू ठेवायची, आणि काही झालं तरी हजेरीची गोळी सोडायची नाही. भाऊंनी यातलं "गोळी घ्या" एवढंच ऐकलं. धावतीचं नाव निघताच त्यांनी कान बंद केले होते!

तिसऱ्या आठवड्यात अंगठा पुन्हा टमाटर! भाऊ सायकलरिक्षाने दवाखान्यात गेले आणि त्यांनी गोळ्यांचं पाकीट टेबलावर आपटलं. सोबत मी होतो.

"हे गोळी दुखणं थांबवाले देल्ली, का बोलवाले?"

डॉक्टर म्हणाले, "भाऊ, वर्षानुवर्षं साचलेलं निघतं आहे. तुमच्या रेकॉर्डरूममध्ये जुन्या फायली काढल्या की काय होतं?"

"धूळ उडते."

"हे तेच. चार दिवस ठसका लागेल. मग खोली साफ."

भाऊंनी बराच विचार केला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हनूनच आपन जुन्या फायली काढत नाई."

*

हा पुढचा किस्सा माझ्यावरचा आहे. तो मीच सांगितलेला बरा. गणपत सांगतो तेव्हा त्यात माझी बाजू येत नाही.

दुसऱ्या वर्षी भाऊंचं सगळं सुरळीत होतं. गणपत रोज अकराच्या ठोक्याला पाण्याचा ग्लास आणि गोळी टेबलावर ठेवायचा, भाऊ गिळायचे, आणि गणपत एका वहीत "घेतली" असं लिहून सही घ्यायचा. वही डॉक्टर पाहायचे. मग सामन्याच्या ऐन तोंडावर कापूस वेचायला मजूर मिळेनात म्हणून भाऊ आठ दिवस रजेवर रोहण्याला गेले. चार्ज माझ्याकडे.

आमच्याकडे चार्ज म्हणजे यादी. कपाटाच्या किल्ल्या, शिक्के, अर्धवट फायली. भाऊंनी पानभर यादी केली, मी न वाचता सही केली. चार्जची यादी वाचून सही करणारा क्लार्क मी तरी पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता गणपतने माझ्यापुढे ग्लास आणि गोळी ठेवली.

"हे काय रे?"

"अकराची गोळी."

"अरे, ती भाऊंची!"

"खुर्चीची हाय जी. यादीत हाय. सही तुमची हाय."

पाहतो तर खरंच! यादीत शेवटून तिसरी ओळ : "रोज अकरा वाजताची गोळी व तिची वही." भाऊंच्या मनात, गोळ्यांचं पाकीट टेबलातून काढून गणपतच्या हाती रोहण्याला पाठवा, असं होतं म्हणे! पण तसं लिहिलेलं नव्हतं.

आता दुसऱ्याची गोळी गिळण्याइतका मी मूर्ख नव्हतो. पण वही कोरी ठेवण्याइतका शूरही नव्हतो. मी काय केलं? गोळी ड्रॉवरमध्ये टाकली आणि वहीत लिहिलं, "घेतली." सही केली. आठ दिवस! ड्रॉवरमध्ये आठ गोळ्या, वहीत आठ सह्या, आणि रोहण्यात भाऊ विनागोळी. तिथे त्यांनी विचार केला, वही तर कचेरीत चालूच असेल!

भाऊ परत आले ते लंगडतच. डॉक्टरांनी वही मागवली, पानं उलटली, कपाळाला आठ्या घातल्या.

"एकही दिवस चुकलेला नाही! मग अंगठा सुजला कसा?"

मी खिडकीबाहेर बसस्टँड पाहत होतो. डॉक्टरांनी वही डोळ्यांजवळ नेली.

"भाऊ, ही सही तुमची नाही."

"नाई जी," भाऊ मोठ्या अभिमानाने म्हणाले, "चार्ज देल्ला होता ना!"

डॉक्टर वासनिकांना मोठ्याने हसताना मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं. साहेबांना मात्र हसू आलं नाही. ढाल पुन्हा पुलगावला! मला मेमो मिळाला, आणि तो आवक रजिस्टरला मलाच चढवावा लागला.

*

तिसऱ्या वर्षी कोणाचाच कोणावर विश्वास नव्हता. अकरा वाजले की साहेब स्वतः केबिनबाहेर यायचे. सगळी कचेरी उभी. भाऊ गोळी तोंडात टाकायचे, पाणी प्यायचे, तोंड उघडून दाखवायचे. मग सगळे बसायचे. एकदा नक्कल मागायला आलेला एक शेतकरी दारातच टोपी काढून उभा राहिला. सगळं आटोपल्यावर त्याने गणपतला हळूच विचारलं, "कोन वारलं जी?"

सामन्याच्या आधी डॉक्टरांनी भाऊंचं रक्त तपासायला नागपूरला पाठवलं. पाकीट पोस्टाने कचेरीच्या पत्त्यावर आलं. मी फोडलं, वाचलं, आणि बत्तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा रजिस्टरला न चढवता कागद घेऊन पळत सुटलो. "साहेब! ॲसिड खाली आलं! पार खाली!"

साहेबांनी पेढे मागवले! वर्षभरात अंगठा एकदाही सुजला नव्हता. भाऊ दोन्ही पायांवर उभे होते, आणि त्यांच्या कमरेला बांधलेल्या दोराने जीप पुन्हा एकदा अडली होती. आता फक्त वर्ध्याचं मैदान उरलं होतं.

*

फायनल. आम्ही आणि पुलगाव. आम्ही सकाळपासून मैदानावर. डॉक्टर वासनिकही दवाखाना बंद करून आलेले. आणि पुलगावची गाडी येऊन थांबली, तर तिच्यातून शंकररावांना दोन माणसांनी धरून उतरवलं! उजवा पाय उघडा, अधांतरी. अंगठा लालबुंद.

"काही चावलं वाट्टे," शंकरराव कळ सोसत म्हणाले.

आमच्याकडे काय जल्लोष झाला! गणपत तर ढाल बांधायला आणलेलं पोतं झटकायलाच लागला. साहेबांनी मला मिठी मारली, मेमो दिलेल्या माणसाला! पुलगावने पंचांना सामना पुढे ढकलायला सांगितलं. पंच म्हणाले, नियमात नाही. सात जण खेळा.

भाऊ मात्र शंकररावांजवळ जाऊन बसले. डॉक्टरांना बोलावून अंगठा दाखवला, बाकापुढे एक बादली पालथी घातली, तिच्यावर आपला दुपट्टा घडी करून ठेवला आणि शंकररावांचा पाय दोन्ही हातांनी, अंगठ्याला धक्का न लावता, त्यावर टेकवला. मग कमरेचा पट्टा सोडत साहेबांना म्हणाले,

"मी उतरत नाई जी."

"ढोले! डोकं फिरलं का तुमचं?"

"ते सात. आपुन सात. दुखनं काय असते ते मले मालूम हाय. असा दोर ओढून ढाल आनली, तं मले जेवन जानार नाई."

"अहो, त्या वर्षी आपण सात होतो, तेव्हा ते आठच्या आठ उतरले होते!"

"तवा त्यायले मालूम नोयतं."

साहेबांचा चेहरा शंकररावांच्या अंगठ्यासारखा झाला. दोन वर्षांची पथ्यं, पेढे, नागपूरचा रिपोर्ट, सगळं पाण्यात! पण भाऊंना जागचं हलवणं जीपला जमलं नव्हतं, तिथे साहेबांचं काय? शंकररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. मैदानावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंचांनीही वाजवल्या.

दोन शेवटची माणसं एका बाकावर शेजारी बसली आणि शिट्टी वाजली.

पहिला डाव आमचा! दुसरा पुलगावचा. तिसऱ्यात दोर मधोमध असा थांबला, की जणू कोणी ओढतच नाही. चौदा माणसं काळ्या मातीत टाचा रोवून थरथरत होती. मग दोराच्या मध्यावर बांधलेला रुमाल हळूहळू पुलगावकडे सरकायला लागला. एक वीत. दोन वीत. चुन्याची रेघ आता हातभर उरली. साहेबांनी डोळे मिटले. मी चपला छातीशी धरल्या.

"दम लावा! दम लावा रे!" भाऊ बाकावरून उठले. "टाचा रोवा! आबे, रोवा!" आणि त्या भरात क्विंटलभर माणूस जागच्या जागी हवेत उडाला.

खाली आला तो बादलीवर.

शंकररावांच्या तोंडून जे निघालं, त्याला किंकाळी म्हणणं म्हणजे रेल्वेच्या शिट्टीला कुजबुज म्हणण्यासारखं आहे. मैदानाच्या पलीकडच्या झाडांवरचे सगळे बगळे उडाले. पुलगावची सातही माणसं एका क्षणात मागे वळली, "काय झालं? काय झालं?" दोर ढिला पडला, आणि आमची सात माणसं दोरासकट, रुमालासकट, थेट रेघेपलीकडे उताणी!

शिट्टी वाजली. पंचांनी नियमाचं पुस्तक दोनदा चाळलं. मैदानाबाहेरच्या अंगठ्याबद्दल त्यात काहीही नव्हतं.

परतताना बसमध्ये ढाल भाऊंच्या मांडीवर होती. पुढे गणपत नाचत होता, साहेब गाणं म्हणत होते. मी भाऊंच्या शेजारी बसलो होतो. बस आर्वी नाक्याबाहेर पडल्यावर मी हळूच विचारलं, "भाऊ, खरं सांगा. ते चुकून झालं ना?"

भाऊंनी दुपट्ट्याने ढाल पुसली. तिच्यात आपला चेहरा पाहिला. मग म्हणाले,

"उडी तेवढी मी मारली, बाप्पा. खाली तं वजन आलं."